दूरचित्रवाणीवरील प्रज्ञावंत गुप्तहेरांचे भावजीवन : एक तुलनात्मक अभ्यास

बीजसंज्ञा : गुप्तहेर, दूरचित्रवाणी मालिका, भावजीवन, सात्त्विक भाव, शोक, मंत्रचळ, ब्योमकेश बक्शी

प्रस्तावना

रहस्यकथेच्या समीक्षेत कथानकाची बांधणी, संशयाची वाटणी आणि उलगड्याची तर्कशुद्धता यांचा विचार जितका झाला, तितका गुप्तहेराच्या भावजीवनाचा झालेला नाही. त्याला कारणही तसेच आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये शेरलॉक होम्स वाचकांसमोर आणला, तेव्हा त्याच्या अंतरंगाचा दरवाजा त्यांनी जवळजवळ बंदच ठेवला होता. १८९१ मधील 'अ स्कँडल इन बोहेमिया' या कथेच्या आरंभीच डॉ. वॉटसन वाचकाला बजावून ठेवतो की, होम्सच्या काटेकोर बुद्धीला प्रेमभावना ही व्यत्यय आणणारी गोष्ट वाटत असे. कथा वॉटसन सांगत असल्यामुळे लेखकाला ही सवलत मिळाली. निवेदक जे पाहू शकत नाही ते वाचकानेही मागू नये, असा एक अलिखित करार त्यात होता.

दूरचित्रवाणीवर हा करार टिकणे कठीण होते. कॅमेऱ्यासमोर नटाचा चेहरा असतो आणि चेहरा काही ना काही बोलतोच. शिवाय मालिका वर्षानुवर्षे चालते. एका कथेपुरता भेटणारा माणूस कोरडा असला तरी चालतो. आठ वर्षे दर आठवड्याला घरात येणारा माणूस कोरडा राहिला तर प्रेक्षक त्याला फार काळ घरात घेत नाही. म्हणूनच दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरांना भावजीवन मिळाले ते माध्यमाच्या गरजेतून, आणि ती गरज कोणत्या मालिकेने कशी भागवली यातून त्या मालिकेची बुद्धिमत्तेविषयीची धारणाही उघड होते. प्रस्तुत लेखात ॲड्रियन मंक ('मंक', अमेरिका, २००२ ते २००९), शेरलॉक होम्सची ग्रॅनडा टेलिव्हिजनची (१९८४ ते १९९४) आणि बीबीसीची (२०१० ते २०१७) रूपे, सागा नोरेन ('द ब्रिज', स्वीडन-डेन्मार्क, २०११ ते २०१८) आणि ब्योमकेश बक्शी (दूरदर्शन, १९९३ व १९९७) यांचा या दृष्टीने विचार केला आहे. प्रज्ञावंत माणूस भावनेच्या बाबतीत अधू असायलाच हवा काय, हा या विचारामागचा प्रश्न आहे. तो केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. वर्गातल्या हुशार पण एकलकोंड्या विद्यार्थ्याकडे पाहण्याची समाजाची नजर अशा प्रतिमांतूनही घडत असते.

सात्त्विक भाव आणि पुरावा

भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. मनाची अवस्था शरीरावर उमटते आणि ती पाहून सहृदयाच्या ठायी रसनिष्पत्ती होते, अशी ही कल्पना आहे. गुप्तहेरही हेच आठ भाव वाचत असतो. फरक एवढाच की त्याला त्यातून रसास्वाद घ्यायचा नसून पुरावा मिळवायचा असतो. संशयिताच्या कपाळावरचा घाम, आवाजातला कंप, चेहऱ्याचा उडालेला रंग हे त्याच्या लेखी दस्तऐवज असतात. समोरच्याचे अश्रू खरे की खोटे, हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने त्या अश्रूंनी विरघळून चालत नाही. गुप्तहेराच्या भावजीवनातील मूळ पेच हा आहे. तो भावनांचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणारा माणूस असतो आणि त्या अभ्यासासाठीच त्याला भावनांपासून अंतर राखावे लागते.

बीबीसीच्या 'शेरलॉक'मधील 'अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया' (२०१२) या भागात हा पेच फार नेमका पकडला आहे. आयरीन ॲडलर ही स्त्री होम्सशी बुद्धीचा खेळ खेळते आणि अखेरीस त्याच्याकडून हरते. का हरते? तो तिचा हात हाती घेतो तेव्हा तिची नाडी जलद चालत असते आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, हे त्याने टिपलेले असते. तिचे त्याच्यावरील आकर्षण हीच तिच्या फोनच्या कुलपाची किल्ली ठरते. शृंगाराचा अनुभाव येथे अक्षरशः परवलीचा शब्द बनतो. प्रेक्षकाला या प्रसंगात होम्सच्या बुद्धीचे कौतुक वाटते, पण त्याच वेळी एक अस्वस्थताही मागे उरते. कारण स्पर्श करणारा हात प्रियकराचा होता की वैद्याचा, हे मालिका सांगत नाही.

पीटर फॉक यांनी साकारलेल्या लेफ्टनंट कोलंबोने या पेचातून काढलेली वाट अगदीच वेगळी होती, तिची येथे नोंद तेवढी करावी. तो सतत आपल्या बायकोविषयी बोलत असतो, आणि ती बायको त्या मालिकेत पडद्यावर कधीच येत नाही. घरगुती माणसाचा आव हेच त्याचे हत्यार आहे. त्यामुळे त्याच्या भावजीवनाविषयी प्रेक्षकाला पुष्कळ ऐकायला मिळते. खात्रीने कळते ते फार थोडे.

मंक : शोकाचे सातत्य

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांना सल्ला देणारा ॲड्रियन मंक हा या सर्वांत भावदृष्ट्या सर्वाधिक उघडा आहे. त्याची पत्नी ट्रूडी ही पत्रकार १९९७ मध्ये गाडीत पेरलेल्या बॉम्बमुळे मारली गेली. तिच्या मृत्यूनंतर मंकचा आधीपासूनचा मंत्रचळ विकोपाला गेला आणि त्याची पोलीस दलातील नोकरी सुटली. जंतू, उंची, गर्दी, दूध अशा असंख्य गोष्टींची त्याला भीती आहे. हस्तांदोलन केले की पुसायला लगेच ओला रुमाल लागतो. ही मालिका १२ जुलै २००२ रोजी सुरू झाली व ४ डिसेंबर २००९ रोजी संपली. आठ पर्वांत तिचे १२५ भाग झाले, आणि टोनी शालूब यांना या भूमिकेसाठी तीन वेळा एमी पुरस्कार मिळाला.

मालिकेचा घाट आणि नायकाचा आजार यांची येथे पडलेली गाठ लक्षणीय आहे. दर आठवड्याला नवा खून होतो, नवा खुनी सापडतो, आणि भागाच्या शेवटी मंक जिथे होता तिथेच परत येतो. ट्रूडीचा खुनी सापडत नाही. पुनरावृत्ती हे मंत्रचळाचे लक्षण आहे आणि साप्ताहिक मालिकेचेही. इतरांची प्रकरणे मिटवण्याची त्याची धडपड म्हणजे आपले न मिटणारे प्रकरण दुसऱ्यांच्या घरात मिटवून पाहण्याची धडपड होय. संस्कृत साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शोक हा या मालिकेचा स्थायीभाव असून हास्य हे त्यावर आठवड्यातून एकदा येऊन जाणारे संचारी आहे. आपण हसतो ते त्याच्या पुसण्याला आणि मोजण्याला. आणि हे हसू पुरते निर्मळ नाही, हे मान्य करायला हवे. ज्यांच्या घरात असा आजार आहे, त्यांना विजेच्या खांबांना बोट लावत चालणारा माणूस विनोदी वाटेलच असे नाही. मालिका या आक्षेपातून सर्वस्वी सुटत नाही. मात्र ती त्याच्या दुःखाची थट्टा कधी करत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

तिसऱ्या पर्वातील एका भागात मंक औषध घेऊ लागतो. भीती ओसरते, तो रंगीत शर्ट घालून मोकळेपणाने हिंडू लागतो. पण त्याची निरीक्षणशक्तीही नाहीशी होते. शेवटी तो औषध सोडून देतो. हा भाग मनोरंजक असला तरी त्यात एक धोकादायक गृहीतक दडलेले आहे, ते असे की आजार हाच प्रतिभेचा झरा असून उपचार केला तर झरा आटेल. आजार म्हणजे वरदानही आणि शापही, हे मंकचे आवडते पालुपद याच गृहीतकावर उभे आहे. औषध घ्यायला कचरणाऱ्या रुग्णाला हा युक्तिवाद नवा नसतो. या एका बाबतीत मालिकेने सोपा मार्ग पत्करला, असेच म्हणावे लागते.

याउलट अखेरच्या दोन भागांत तिने जे साधले ते रहस्यप्रधान मालिकांत विरळा आहे. ट्रूडीने मृत्यूपूर्वी नाताळसाठी आणलेली एक भेटवस्तू मंकने बारा वर्षे न उघडता जपून ठेवलेली असते. ती तिची शेवटची खूण. उघडली की संपली. विषबाधेमुळे मरण समोर उभे राहते तेव्हा तो ती उघडतो, आणि आत ट्रूडीने स्वतः चित्रित केलेली एक ध्वनिचित्रफीत निघते. तिच्या पूर्वायुष्यातील संबंध, त्यातून झालेले आणि मृत समजले गेलेले मूल, आणि ज्याच्यापासून तिला धोका होता त्या पुरुषाचे नाव हे सारे त्या फितीत असते. म्हणजे सबंध शहराच्या खुनांचा छडा लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात, त्याच्या नजरेसमोर, त्याच्या आयुष्यातील एकमेव न सुटलेल्या प्रकरणाचा पुरावा बारा वर्षे पडून होता. जगातील प्रत्येक वस्तू त्याने पुरावा म्हणून पाहिली. हीच एक वस्तू त्याने प्रेमाने पाहिली, म्हणून तिच्यातील पुरावा त्याला दिसला नाही. बुद्धी आणि भावना यांच्यातील संघर्ष येथे कोणत्याही भाषणाविना एका कागदी वेष्टनात मांडला गेला आहे. त्यानंतर ट्रूडीची मुलगी मॉली त्याला भेटते आणि मंक काही प्रमाणात सावरतो.

हे सावरणे किती टिकाऊ होते याविषयी मालिकेच्या कर्त्यांनाच पुढे शंका आलेली दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'मिस्टर मंक्स लास्ट केस' या चित्रपटात मंक जीवन संपवण्याच्या विचारापर्यंत आलेला आहे आणि ट्रूडी त्याला पूर्वीसारखीच दिसते, बोलते. काही समीक्षकांना ही माघार वाटू शकेल. परंतु शोक हा खुन्याला पकडल्याने संपणारा खटला नव्हे, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हा चित्रपट २००९ च्या समारोपापेक्षा अधिक प्रामाणिक वाटण्याचा संभव आहे.

दोन शेरलॉक, दोन प्रकारचे मौन

ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या ४१ भागांत जेरेमी ब्रेट यांनी उभा केलेला होम्स हा डॉयल यांच्या मूळ होम्सच्या सर्वांत जवळचा मानला जातो. या होम्सला पूर्वेतिहास नाही. त्याच्या एकटेपणाचे कारण कोणी सांगत नाही. तो एकाएकी हसतो, खुर्चीवरून उडी मारतो, पडद्याआड जाऊन दिवसचे दिवस गप्प बसतो. कॅमेरा हे टिपतो आणि थांबतो. १९८८ मध्ये प्रसारित झालेल्या 'द डेव्हिल्स फूट' या भागात होम्स कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी कोकेनची सुई वाळूत पुरून टाकतो. हा प्रसंग मूळ कथेत नाही; तो ब्रेट यांच्या आग्रहाने आला. त्यात संवाद नाही, पश्चात्ताप नाही, वॉटसनला दिलेले वचन नाही. ब्रेट स्वतः तीव्र मनोविकाराशी झगडत होते, १९८५ मध्ये त्यांची पत्नी निवर्तली होती आणि १९९५ मध्ये त्यांचेही निधन झाले, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग अधिक जड वाटतो. पण माहीत नसलेल्यालाही तो पुरेसा बोलका आहे.

याच मालिकेने घेतलेल्या आणखी एका निर्णयाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मूळ कादंबरीत वॉटसन मेरी मॉर्स्टनशी विवाह करतो. ग्रॅनडाच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१९८७) हा विवाह होत नाही. मेरी निघून जाते आणि वॉटसन बेकर स्ट्रीटवरच राहतो. निर्मितीच्या सोयीखातर घेतलेल्या या निर्णयाने होम्सचे भावजीवन मात्र बदलून गेले. मूळ होम्सला मित्र गमावण्याचे दुःख सोसावे लागले. ग्रॅनडाच्या होम्सला ते कधी सोसावे लागले नाही. त्याचे घर मोडत नाही, म्हणून त्याला घराची ओढ बोलून दाखवावी लागत नाही.

स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस यांच्या 'शेरलॉक'ला हे मौन मानवले नाही. येथील होम्स आपण समाजविघातक मनोवृत्तीचे, तरीही कार्यक्षम असे गृहस्थ आहोत हे स्वतःच जाहीर करतो. हे निदान नसून चिलखत आहे, हे पहिल्या दोन पर्वांनी फार सुंदर रीतीने सूचित केले होते. नाताळच्या मेजवानीतला प्रसंग आठवावा. शवागारात काम करणारी मॉली हूपर नटूनथटून येते. तिच्या पिशवीतील एका भेटवस्तूचे वेष्टन, त्याचा रंग, तिच्या ओठांचा रंग यांवरून होम्स सर्वांसमक्ष अनुमान काढत जातो की तिला कोणी प्रियकर भेटला आहे. मग तो त्या वस्तूवरील चिठ्ठी वाचतो आणि तेथे त्याचेच नाव असते. तर्क अचूक होता. फक्त त्या तर्काच्या शेवटी आपण उभे आहोत हे त्याला दिसले नव्हते. तो क्षमा मागतो. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा त्या क्षणीचा चेहरा पुढच्या कित्येक स्पष्टीकरणांपेक्षा मोलाचा आहे.

जानेवारी २०१४ मधील 'द साइन ऑफ थ्री'मध्ये वॉटसनच्या लग्नात होम्सने केलेले भाषणही याच जातीचे आहे. तारीफ करायला गेलेला माणूस आधी यजमान, मग वधू, मग विवाहसंस्था या सर्वांचा अपमान करतो आणि त्या वाटेनेच आपल्या मैत्रीची कबुली देतो.

चौथ्या पर्वात हे सारे विस्कटले. १५ जानेवारी २०१७ रोजी प्रसारित झालेल्या 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये युरस नावाची एक विसरलेली बहीण प्रकट होते. होम्सला बालपणीचा जो रेडबिअर्ड नावाचा कुत्रा आठवत असे, तो कुत्रा नव्हताच. तो व्हिक्टर ट्रेव्हर नावाचा मित्र होता आणि युरसने त्याला विहिरीत मारले होते. त्या आघाताने होम्सने भावनेचे दार लावून घेतले, अशी उपपत्ती मांडली जाते. ही उपपत्ती पात्राला लहान करते. सव्वाशे वर्षे ज्याच्या एकटेपणाने वाचकांना गुंतवून ठेवले, त्याचा एकटेपणा म्हणजे एका विहिरीचे रहस्य होते, असे कळल्यावर समाधान होण्याऐवजी काहीतरी हिरावले गेल्याची भावना होते. याच भागात युरस होम्सला फोनवरून मॉलीकडून प्रेमाची कबुली वदवून घ्यायला भाग पाडते, अन्यथा तिचे घर उडवून देण्याची धमकी असते. कबुली मिळते आणि मग कळते की स्फोटके नव्हतीच. होम्स तेथील शवपेटी फोडून काढतो. प्रसंग अभिनयाच्या दृष्टीने प्रभावी आहे. पण नाताळच्या मेजवानीत मॉलीला जो स्वाभिमान होता तो येथे तिला मिळत नाही. तिची वेदना नायकाच्या भावशिक्षणाचे साधन होऊन बसते, आणि फोन ठेवल्यानंतर त्या स्वयंपाकघरात तिचे काय झाले, हे दाखवायला मालिका थांबत नाही.

सागा नोरेन : नियमाचे ओझे

माल्मो आणि कोपनहेगन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड पुलाच्या बरोबर मध्यावर, दोन देशांच्या सीमेवर, एक प्रेत सापडते आणि त्यातून दोन देशांचे दोन पोलीस अधिकारी एकत्र येतात. स्वीडनची सागा नोरेन (सोफिया हेलिन) सामाजिक संकेत जाणत नाही. कार्यालयातच कपडे बदलते, प्रश्न विचारला की खरे उत्तर देते, विनोद कळला नाही तर कळला नाही असे सांगते. तिच्या या वागण्याला चार पर्वांच्या ३८ भागांत मालिका वैद्यकीय नाव देत नाही. प्रेक्षक स्वमग्नतेच्या कक्षेतील व्यक्ती म्हणून तिच्याकडे पाहतात, पण निदानाची पाटी मालिका लावत नाही. हा संयम फलदायी ठरला आहे. पाटी लावली की प्रत्येक कृतीचे स्पष्टीकरण तयार मिळते. न लावल्यामुळे प्रत्येक कृती नव्याने समजून घ्यावी लागते.

पहिल्याच भागात पूल बंद असताना हृदयरोग्याला घेऊन जाणारी रुग्णवाहिका येते. सागा नियमानुसार नकार देते. डॅनिश सहकारी मार्टिन रोहडे ती जाऊ देतो. सागा त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवते. प्रेक्षक अर्थातच मार्टिनच्या बाजूचा असतो. पुढे दोन पर्वे त्यांची मैत्री वाढत जाते. सागाच्या आयुष्यातील ती पहिली खरी मैत्री असावी. पहिल्या पर्वाच्या शेवटी मार्टिनच्या मुलाचा खून होतो, आणि खोटे बोलणे जिला जमत नाही ती सागा मार्टिनला सावरण्यासाठी मुलगा जिवंत असल्याचे खोटे सांगून पाहते. ते तिला जमत नाही; तिच्या चेहऱ्यावरून मार्टिनला सत्य कळते. नाट्यशास्त्रातील अनुभाव येथे उलट्या दिशेने काम करतो. जी इतरांचे चेहरे वाचू शकत नाही, तिचा चेहरा एका मित्राने वाचला आहे.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस मुलाचा खुनी तुरुंगात मरतो आणि त्यामागे मार्टिन आहे हे सागाच्या लक्षात येते. ती ते सांगते आणि मार्टिनला अटक होते. रुग्णवाहिकेच्या वेळची तक्रार आणि ही तक्रार यांत सागाच्या दृष्टीने तत्त्वतः फरक नाही. फरक प्रेक्षकात पडलेला आहे. पहिल्या वेळी जो तिला यंत्र समजला होता, त्याला आता दिसते की नियम पाळताना तिला काय द्यावे लागते. भावना नसलेला माणूस नियम पाळतो तेव्हा त्याला काही मोजावे लागत नाही. सागा सर्वस्व मोजते. प्रज्ञावंत गुप्तहेराच्या कथित भावशून्यतेचे इतके चोख खंडन अन्यत्र क्वचितच आढळेल.

चौथ्या पर्वात 'द ब्रिज'सुद्धा कारणमीमांसेच्या वाटेला जातो. सागाच्या बहिणीची आत्महत्या, आईचे अत्याचार, आणि त्या अपराधभावातून पत्करलेला पोलिसी पेशा अशी साखळी जुळवली जाते. तेव्हा 'शेरलॉक'ला लावलेला आक्षेप येथेही लागू होत नाही काय? काही अंशी होतो. परंतु येथे कारण कळल्याचा परिणाम होतो. सागा आपला पोलिसी बिल्ला पुलावरून पाण्यात टाकते. फोन वाजतो, आजवर ती नाव सांगून लगेच खाते आणि शहर सांगत असे. या वेळी ती फक्त नाव सांगते.

स्त्री-गुप्तहेरांच्या संदर्भात आणखी एक बाब येथेच नोंदवणे उचित होईल. 'प्राइम सस्पेक्ट'मधील (१९९१ ते २००६) जेन टेनिसन ही हेलन मिरेन यांनी साकारलेली अधिकारी सागापेक्षा वेगळ्या पठडीतली, तरी एकटेपणा तोच. पुरुष गुप्तहेराचा एकटेपणा मालिकांत त्याच्या तेजाचा भाग म्हणून येतो. टेनिसनचा एकटेपणा तिच्या बढतीची किंमत म्हणून, तारखांनिशी मांडला जातो. तिसऱ्या कथेत ती गर्भपाताचा निर्णय घेते, शेवटच्या कथेत ती मद्यासक्त आहे. बेकर स्ट्रीटवरील सुई आणि टेनिसनची बाटली यांना प्रेक्षकाने दिलेले अर्थ सारखे नाहीत. एकीला कलंदरपणाचे वलय लाभते, दुसरीला चारित्र्याची चौकशी.

ब्योमकेश : जखमेविना बुद्धी

भारतीय दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरांचा विचार करताना 'करमचंद' (१९८५) हा गाजरे खाणारा गुप्तहेर सर्वांना आठवतो, पण त्याचे भावजीवन हा विनोदाच्या पलीकडचा विषय होत नाही. 'सीआयडी'तील एसीपी प्रद्युम्न (शिवाजी साटम) मुंबईतच वावरतो, आणि त्याला स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडावी लागते. तथापि १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चाललेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या त्या मालिकेत हा शोक पुढच्या भागापर्यंत क्वचितच पोहोचतो. गंभीर तुलनेला पात्र आहे तो बासू चॅटर्जी दिग्दर्शित 'ब्योमकेश बक्शी'.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून लिहिलेल्या या बंगाली कथांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतो. शरदिंदू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले आणि १९५२ च्या सुमारास चित्रपटसृष्टी सोडून पुण्यात स्थायिक झाले. उत्तरकालीन ब्योमकेश-कथांचा मोठा भाग त्यांच्या पुण्यातील वास्तव्याच्या काळातला आहे. कलकत्त्यातील गल्ल्या त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या.

रजित कपूर यांनी साकारलेला ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. तो धोतर नेसतो, वर्तमानपत्र वाचतो, मित्र अजितशी (के. के. रैना) चहा पिता पिता वाद घालतो. 'अर्थमनर्थम्' या कथेत खुनाचा संशय ज्याच्यावर आहे त्याची बहीण सत्यवती त्याला भेटते आणि पुढे तो तिच्याशी विवाह करतो. पाश्चात्त्य परंपरेत तपासात भेटलेली स्त्री ही गुप्तहेराच्या एकटेपणाची कसोटी ठरते आणि कथा संपताना निघून जाते. येथे ती घरात येते. विवाहानंतर ब्योमकेशची बुद्धी मंदावत नाही, औषध घेतलेल्या मंकसारखी त्याची दृष्टी बोथटत नाही. प्रतिभेसाठी दुःख गहाण ठेवावे लागते हा सिद्धान्त या एका उदाहरणाने निदान सार्वत्रिक उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की ब्योमकेशला दुःखच नव्हते, म्हणून हे जमले. मूळ कथा तसे सांगत नाही. 'आदिम रिपु' या दंगलींच्या पार्श्वभूमीवरील कथेत ब्योमकेश आपली पूर्वकथा सांगतो. वडील शाळेत गणित शिकवीत आणि घरी सांख्यदर्शनाचा अभ्यास करीत. आई वैष्णव घराण्यातली. तो सतरा वर्षांचा असताना दोघेही क्षयाने गेले. आजच्या मालिकेच्या हाती ही सामग्री लागली असती तर तिने त्यावर एक सबंध पर्व उभारले असते. खोकणाऱ्या आईचे दृश्य दर चौथ्या भागात धूसर रंगांत परतले असते. शरदिंदूंनी ती हकीकत एका परिच्छेदापुरती सांगून टाकली आणि ब्योमकेशच्या बुद्धीचा उगम तिच्यात शोधला नाही. त्याच कथेत खुनी कोण हे कळल्यानंतरही तो त्याला कायद्याच्या हवाली करत नाही. सागाला हे कधीच पटले नसते, आणि मार्टिनला कदाचित याचीच गरज होती. अनाथपणाचा परिणाम ब्योमकेशवर झालाच असेल तर तो येथे, दुसऱ्या पोरक्या मुलाशी वागताना, दिसतो.

ब्योमकेशच्या या समतोलाचे कौतुक करताना मालिकेने एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याबाहेर ठेवली आहे. 'अर्थमनर्थम्'मध्ये भावाला वाचवण्यासाठी धडपडणारी सत्यवती ही स्वतंत्र बाण्याची तरुणी आहे आणि सुकन्या कुलकर्णी यांनी तिची घालमेल थोडक्या प्रसंगांत नेमकी दाखवली आहे. विवाहानंतर तिच्या वाट्याला येते ते ब्योमकेश आणि अजित यांच्या संभाषणात मधूनच येऊन जाणे, रुसणे, थट्टा करणे. ज्या घरामुळे हा सत्यान्वेषी एकाकी होत नाही ते घर चालवणारी बाई रात्री-बेरात्री तो तपासाला गेल्यावर काय विचार करत असे, हे बासू चॅटर्जींच्या दोन्ही पर्वांत कुणी तिला विचारलेले नाही.